स्वादुपिंडाभोवती पाणी साचलंय, तरी डॉक्टर 'थांबा' का म्हणतात? पोट न कापता ते काढतात कसं?

रात्री साडेअकराला एका मित्राचा मेसेज आला. सोबत त्याच्या वडिलांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा फोटो. "तू आरोग्याच्या बातम्या करतेस ना, हे बघ जरा. बाबांना ॲडमिट करून तीन आठवडे झाले. पोटात एवढं पाणी साचलंय असं लिहिलंय आणि डॉक्टर म्हणतात अजून आठ-दहा दिवस थांबू. काका म्हणतायत दुसरीकडे हलवा, हे नुसतं बिल वाढवतायत."

मी डॉक्टर नाही, त्यामुळे रिपोर्ट वाचून सल्ला द्यायच्या भानगडीत पडले नाही. पण त्याच्या काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. आत पाणी आहे, ते दिसतंय, माणूस तळमळतोय, मग काढत का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर शोधताना कळलं की गेल्या १५ वर्षांत या एका आजाराच्या उपचाराची पद्धत जवळजवळ उलटी झाली आहे. आधी पोट उघडून लवकरात लवकर साफ करायचे. आता आधी थांबतात, मग बहुतेक वेळा पोटावर एकही टाका न घालता तोंडातून आत जातात.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू.

स्वतःलाच पचवणारा अवयव

स्वादुपिंड म्हणजे पँक्रियाज. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पडलेला, साधारण १५ सेंटीमीटर लांबीचा अवयव. त्याचं एक काम आपल्याला माहीत असतं, ते म्हणजे इन्सुलिन तयार करणं. दुसरं काम पाचक रस तयार करणं. रोज लिटरभराहून जास्त रस तो एका नळीतून लहान आतड्यात सोडतो. हा रस इतका जहाल असतो की मांस, चरबी सगळं विरघळवतो. म्हणून स्वादुपिंडात असेपर्यंत तो 'झोपलेला' असतो आणि आतड्यात पोचल्यावरच जागा होतो.

पॅन्क्रियाटायटिसमध्ये तो आधीच जागा होतो. म्हणजे स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. वरच्या पोटात उठलेली, पाठीपर्यंत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर जराशी हलकी वाटणारी भयंकर कळ आणि सोबत उलट्या, ही त्याची ओळख. पहिल्या दिवशी अनेक घरांत ॲसिडिटी समजून इनो किंवा जिरं-ओवा दिला जातो. कधी हार्ट अटॅक समजून ईसीजी काढला जातो, आणि ते चूकही नाही.

कारणं बरीच आहेत, पण दोन मोठी: पित्ताशयातले खडे आणि दारू. खडा घसरून खाली आला की पित्त आणि पाचक रस यांचा सामाईक रस्ता अडतो. याशिवाय रक्तातले ट्रायग्लिसराइड प्रचंड वाढणं, कॅल्शियम वाढणं, पोटाला मार लागणं आणि काही औषधं. औषधांचं नाव निघालं म्हणून थोडं थांबते, कारण सध्या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची चर्चा सगळीकडे आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं. या औषधांच्या माहितीपत्रकात पॅन्क्रियाटायटिसचा इशारा आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये एक अभ्यासही सुरू केला: ही औषधं घेताना ज्यांना पॅन्क्रियाटायटिसमुळे ॲडमिट व्हावं लागलं, त्यांच्या जनुकांमध्ये काही वेगळं आहे का हे तपासायला. प्रमाण कमी आहे, घाबरून औषध बंद करायचं कारण नाही. पण इन्स्टावर बघून मित्राकडून इंजेक्शन मागवणाऱ्यांनी, पोटात अशी कळ आली तर ती 'नॉर्मल साइड इफेक्ट' म्हणून अंगावर काढू नये, एवढं नक्की.

बहुतेक लोक, म्हणजे पाचांपैकी साधारण चार जण, सलाईन, वेदनाशामक आणि थोड्या दिवसांच्या विश्रांतीने बरे होतात. उरलेल्या एकाची गोष्ट लांबते. त्याच्या स्वादुपिंडाभोवती सूज आणि द्रव साचतो. कधी स्वादुपिंडाचा किंवा आजूबाजूच्या चरबीचा काही भाग मरतो. या मेलेल्या भागाला नेक्रोसिस म्हणतात.

सगळं 'पाणी' सारखं नसतं

रिपोर्टमधले शब्द इथे महत्त्वाचे आहेत. २०१२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या साचलेल्या द्रवाची नवी वर्गवारी ठरवली. तिला सुधारित अटलांटा वर्गीकरण म्हणतात. तिच्यात दोनच प्रश्न आहेत. चार आठवडे झालेत का? आणि आत नुसतं पाणी आहे की मेलेला भागही आहे?

चार आठवड्यांच्या आत नुसता द्रव असेल तर तो बहुतेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं. चार आठवड्यांनंतरही राहिला आणि त्याभोवती पक्की भिंत तयार झाली तर तो स्यूडोसिस्ट. आत मेलेला भाग असेल तर चार आठवड्यांपूर्वी ते ॲक्यूट नेक्रोटिक कलेक्शन आणि भिंत तयार झाल्यावर वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस.

स्यूडोसिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. भोक पाडलं की रिकामी होते. वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस म्हणजे पाण्यासोबत मऊ झालेले, चिकट, कुजके तुकडे असलेली पिशवी. बारीक नळीतून ते तुकडे बाहेर येत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये कधी दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करायला सांगतात. मित्राच्या घरच्यांना वाटलं, परत एक टेस्ट, परत पैसे. पण पिशवीत तुकडे आहेत की नाही यावर पुढची सगळी आखणी ठरते.

आणखी एक गोष्ट. एखाद्याला पॅन्क्रियाटायटिस कधी झालाच नाही, आणि तरी सोनोग्राफीत स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली, तर तिला सरळ स्यूडोसिस्ट म्हणून भोक पाडणं धोक्याचं असतं. स्वादुपिंडात पाण्याने भरलेल्या ट्यूमरच्या गाठीही होतात. त्यांचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

मग थांबायचं का?

आपल्याकडे आजी-आज्या सांगायच्या, गळू कच्चं असताना फोडायचं नाही, पिकू द्यायचं. इथे जवळपास तोच हिशेब आहे. पहिल्या काही आठवड्यांत मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेला असतो. भोवती भिंत नसते. त्यावेळी आत हात घातला तर रक्तस्राव होतो, चांगला भागही ओरबाडला जातो आणि घाण सगळ्या पोटात पसरू शकते. साधारण चार आठवड्यांत शरीर स्वतःच त्या सगळ्याभोवती एक कडक आवरण तयार करतं. ते तयार झालं की आत शिरणं सुरक्षित होतं.

हे फक्त अनुभवाचं बोलणं नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या एका गटाने या आजारावर एकामागून एक चाचण्या केल्या आणि जगाची पद्धत बदलली. २०१० मध्ये त्यांची पँटर नावाची चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ८८ रुग्ण. निम्म्यांचं पोट उघडून मेलेला भाग काढला. निम्म्यांमध्ये टप्प्याटप्प्याने गेले: आधी फक्त नळी घालून पू बाहेर काढायचा, त्याने भागलं नाही तरच पुढचं पाऊल. पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के लोकांचा एकतर मृत्यू झाला किंवा त्यांना मोठी गुंतागुंत झाली. टप्प्याटप्प्याच्या गटात हा आकडा ४० टक्के होता. आणि या गटातल्या ३५ टक्के लोकांना फक्त नळी पुरली, मेलेला भाग काढावाच लागला नाही.

मग पुढचा प्रश्न आला. नळी तरी लगेच घालावी का? २०२१ मध्ये त्याच डच गटाची पॉइंटर चाचणी आली. १०४ रुग्ण, सगळ्यांच्या मेलेल्या भागात जंतुसंसर्ग झालेला. एका गटात २४ तासांच्या आत नळी घातली, दुसऱ्यात भिंत तयार होईपर्यंत अँटिबायोटिक्सवर थांबले. लगेच नळी घातल्याने फायदा दिसला नाही. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना तर नळी लागलीच नाही, अँटिबायोटिक्सवर भागलं.

हा आकडा मी मित्राला पाठवला. त्याने काकांना पाठवला. काकांनी अंगठा पाठवला, म्हणजे नेमकं काय ते कळलं नाही.

पण थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नाही. या काळात ताप, रक्तातल्या पेशी, किडनी, श्वास यावर रोज नजर ठेवावी लागते. अँटिबायोटिक्स संसर्गाची शंका असेल तर देतात, 'असू दे' म्हणून नाही. जेवण जमेल तितकं तोंडाने, नाहीतर नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने, कारण आतडं रिकामं ठेवलं की संसर्गाचा धोका वाढतो. पूर्वी 'पँक्रियाजला आराम' म्हणून रुग्णाला दिवसचे दिवस उपाशी ठेवायचे. ते आता मागे पडलंय. सलाईनचंही तसंच. भरपूर चढवलं की लवकर बरं वाटतं हा आपला समज. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण भरमसाट सलाईन दिलेल्या गटात २० टक्क्यांहून जास्त लोकांच्या शरीरात पाणी जास्त झालं, बेताचं सलाईन दिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं.

आणि प्रत्येक वेळी थांबता येतंच असं नाही. संसर्ग अँटिबायोटिक्सला दाद देत नसेल, अवयव एकामागून एक थकत असतील, तर चार आठवड्यांचं कॅलेंडर बाजूला ठेवून नळी घालावी लागते. जंतुसंसर्ग झालेल्या नेक्रोसिसमध्ये मृत्यूचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १५ ते ३० टक्के आहे. म्हणून 'थांबा' हा शब्द कोण म्हणतंय आणि रोज बघून म्हणतंय का, हे महत्त्वाचं.

उलट दिशेनेही सांगायला हवं. पिशवी मोठी आहे म्हणून ती काढायलाच हवी असंही नाही. सहा सेंटीमीटरपेक्षा मोठी, सहा आठवड्यांपेक्षा जुनी, की काढा, असा जुना ठोकताळा होता. तो आता कोणी पाळत नाही. त्रास नसेल तर दहा सेंटीमीटरच्या पिशवीवरही नुसती नजर ठेवतात. संसर्ग, न थांबणारं दुखणं, पिशवीने जठर दाबल्यामुळे काहीच पोटात न ठरणं, पित्ताची नळी दाबल्यामुळे झालेली कावीळ, ही काढण्याची कारणं.

तोंडातून आत, जठरातून पलीकडे

इथे भाषेचा एक घोळ मिटवते. आपण लॅपरोस्कोपीलाही 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतो आणि एंडोस्कोपीलाही 'दुर्बिणीची तपासणी'. लॅपरोस्कोपीत पोटावर छोटी छिद्रं पाडतात. एंडोस्कोपीत दुर्बीण तोंडातून जाते, बाहेरून काहीच कापत नाहीत. घरच्यांनी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावं, कारण 'दुर्बिणीतून करू' या वाक्यावर सह्या होतात आणि नंतर गैरसमज.

एंडोस्कोपिक ड्रेनेजची कल्पना ऐकायला विचित्र आहे. पिशवी बहुतेकदा जठराच्या मागच्या भिंतीला चिकटूनच असते. मग जठराच्या आतून त्या भिंतीला भोक पाडायचं आणि पिशवीतली घाण जठरातच सोडायची. तिथून ती नेहमीच्या वाटेने बाहेर जाते.

अवघड भाग म्हणजे भोक कुठे पाडायचं. ऐंशीच्या दशकात डॉक्टर जठराच्या आत पिशवीचा फुगवटा दिसतोय का ते बघून अंदाजाने छेद द्यायचे. फुगवटा नसेल तर मार्ग बंद, आणि भिंतीत मोठी रक्तवाहिनी असेल तर जिवाशी खेळ. १९९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या आधाराने अशी पिशवी रिकामी केल्याचं प्रसिद्ध केलं. या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. म्हणजे जठरात बसून भिंतीपलीकडचं बघता येतं: पिशवी किती लांब आहे, आत तुकडे किती आहेत, मध्ये रक्तवाहिनी आहे का. जठर आणि पिशवी यांच्यातलं अंतर साधारण एक सेंटीमीटरच्या आत असेल तर काम सोपं.

मग सुईने भोक, त्यातून तार, भोक रुंद करणं आणि शेवटी स्टेंट, म्हणजे भोक बुजू नये म्हणून ठेवलेली नळी. स्टेंट दोन प्रकारचे. प्लास्टिकचे बारीक, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखा पीळ असलेले, म्हणून नावच पिगटेल. ते दोन-तीन एकत्र ठेवतात. दुसरा धातूच्या जाळीचा, डंबेलसारखा: दोन्ही बाजूंना रुंद कडा, मध्ये बोगदा. एक कडा पिशवीत, दुसरी जठरात, त्यामुळे दोन भिंती एकमेकींना घट्ट धरल्या जातात. अमेरिकेत अशा पहिल्या स्टेंटला डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली. पुढे त्याच्या टोकाला विजेवर तापणारी तार आली आणि छेद देणं व स्टेंट उघडणं एकाच झटक्यात होऊ लागलं.

धातूच्या स्टेंटचा बोगदा १५ ते २० मिलिमीटर रुंद असू शकतो. म्हणजे गरज पडली तर दुर्बीणच त्यातून पिशवीच्या आत नेता येते आणि मेलेले तुकडे चिमट्याने, जाळीने ओढून काढता येतात. हे काम कष्टाचं आहे. एका बैठकीत होत नाही, कधी तीन-चार वेळा भूल देऊन करावं लागतं. सोशल मीडियावर याचे व्हिडिओ आहेत. जेवताना बघू नका.

एंडोस्कोपी खरंच सरस आहे का?

साध्या स्यूडोसिस्टमध्ये उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ४० रुग्णांच्या चाचणीत एंडोस्कोपी आणि शस्त्रक्रिया दोन्ही सारख्याच यशस्वी ठरल्या, पण एंडोस्कोपीवाले साधारण दोन दिवसांत घरी गेले, शस्त्रक्रियेवाले सहा दिवसांत. खर्चही निम्म्याच्या आसपास.

नेक्रोसिसमध्ये उत्तर तितकं सोपं नाही, आणि इथे बातम्यांमधली 'चमत्कारी तंत्र' वगैरे भाषा खटकते. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली डच गटाचीच टेन्शन चाचणी घ्या (हो, नाव खरंच टेन्शन). ९८ रुग्ण. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत एंडोस्कोपीच्या गटात ४३ टक्के, कमीत कमी छेद देणाऱ्या शस्त्रक्रियेच्या गटात ४५ टक्के. म्हणजे फरक नाही. आजार गंभीर असेल तर तो दोन्हीकडे गंभीरच असतो.

फरक दुसरीकडे होता. शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के लोकांना फिस्टुला झाला, म्हणजे स्वादुपिंडाचा रस पोटाच्या कातडीतून बाहेर झिरपत राहणं. एंडोस्कोपीत ५ टक्के. हॉस्पिटलमधला मुक्कामही सरासरी ६९ दिवसांवरून ५३ वर आला. कागदावर फिस्टुला हा एक शब्द आहे. घरी त्याचा अर्थ पोटाला लावलेली पिशवी, जळलेली कातडी, महिनोन्महिने ड्रेसिंग आणि कामावर जाता न येणं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या मायझर चाचणीत एंडोस्कोपीचा फायदा अधिक ठळक दिसला: मोठी गुंतागुंत १२ टक्के, शस्त्रक्रियेत ४० टक्के.

माझं मत विचाराल तर एंडोस्कोपी जीव वाचवण्यात शस्त्रक्रियेच्या फार पुढे आहे असा दावा आजच्या पुराव्यावर करता येत नाही. पण जगलेल्या माणसाचे पुढचे महिने ती बरेच सुसह्य करते. खर्चाचा आणि रोजगाराचा विचार करणाऱ्या घरासाठी हे कमी नाही.

ती सगळ्यांना लागूही पडत नाही. द्रव जठरापासून लांब, खाली ओटीपोटाकडे उतरलेला असेल तर तिथे दुर्बीण पोचत नाही. तिथे सोनोग्राफी किंवा सीटीत बघून बाहेरून, कातडीतून नळी घालतात. कधी दोन्ही एकत्र. शेजारची रक्तवाहिनी फुगून फुग्यासारखी झाली असेल तर आधी ती बंद करावी लागते. शस्त्रक्रियाही हद्दपार झालेली नाही. त्यामुळे या रुग्णाला एकटा एंडोस्कोपीतज्ज्ञ नाही, तर सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि आयसीयू एकाच छताखाली लागतात.

स्टेंट काढायचा असतो, हे विसरू नका

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा. धातूचा स्टेंट कायमचा नसतो.

२०१९ मध्ये गट या नियतकालिकात ६० रुग्णांची एक चाचणी आली. प्लास्टिक आणि धातूचा स्टेंट यांची तुलना. पिशवी बरी होण्यात दोन्ही सारखेच. पण स्टेंटमुळे होणाऱ्या अडचणी धातूच्या गटात ३२ टक्के, प्लास्टिकच्या गटात ७ टक्के. कारण असं की पिशवी आक्रसते, पण धातूची कडा तिथेच राहते. ती आतल्या रक्तवाहिनीला घासते आणि रक्तस्राव होतो, किंवा स्टेंटच जठराच्या भिंतीत रुतून बसतो. हे लक्षात आल्यावर चाचणी चालू असतानाच नियम बदलला: तीन आठवड्यांनी सीटी स्कॅन करायचा आणि पिशवी आटली असेल तर स्टेंट काढून टाकायचा.

आता हे आपल्याकडे लावून बघा. ताप गेला, जेवण सुरू झालं, घरी आलो. लातूर किंवा नंदुरबारहून पुण्या-मुंबईला परत जायचं, पुन्हा सीटी, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. शेतीची कामं असतात, मुलीचं लग्न असतं. 'बरं वाटतंय, बघू दिवाळीनंतर.' इथेच घोटाळा होतो. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट कुठला, कधी टाकला, कधी काढायचा हे लिहिलेलं आहे का, हे घर सोडण्याआधी नाही, हॉस्पिटल सोडण्याआधी तपासा. काळी शी, रक्ताची उलटी, अचानक चक्कर, पुन्हा ताप, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही.

काही रुग्णांमध्ये स्वादुपिंडाची मुख्य नळी मध्येच तुटलेली असते आणि पाणी पुन्हा साचू शकतं. म्हणून धातूचा स्टेंट काढताना त्या जागी प्लास्टिकचा ठेवायची पद्धत आहे. हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलमध्ये अशाच १०४ रुग्णांवर चाचणी झाली आणि प्लास्टिकचा स्टेंट ठेवल्याने पुन्हा पाणी साचण्यात मोठा फरक दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण या क्षेत्रातली काही महत्त्वाची उत्तरं भारतातून येतायत. एआयजीचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळालं, मुंबईचे एंडोस्कोपीतज्ज्ञ डॉ. अमित मायदेव यांना २०१३ मध्येच पद्मश्री मिळाली होती.

पैशाचं काय?

धातूचा स्टेंट प्लास्टिकच्या कित्येक पट महाग आहे. सगळ्यांना तो लागतोच असंही नाही. पिशवीत नुसतं पाणी असेल तर प्लास्टिकच्या स्टेंटवर भागू शकतं. म्हणून 'आत तुकडे किती आहेत आणि हाच स्टेंट का?' हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर उत्तर देतात.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजना पॅकेजवर चालते. आयसीयूचा मुक्काम, एंडोस्कोपी, स्टेंट, पुन्हा करावी लागणारी सफाई, यातलं काय कशात बसतं हे ॲडमिट झाल्याच्या दिवशीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

खासगी विम्यात वेगळाच काटा आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींमध्ये बारावी वगळणूक दारू आणि व्यसनांच्या उपचाराची आणि त्यांच्या परिणामांची आहे. केसपेपरवर 'अल्कोहोलिक पॅन्क्रियाटायटिस' आलं की क्लेम अडकू शकतो. घरच्यांना हे कळतं आणि मग रुग्ण डॉक्टरांना सांगतो, "मी कधीतरीच घेतो." कारण लपतं, पण दारू सुटत नाही आणि आजार परत येतो. दुसरीकडे, ज्याने थेंबही घेतला नाही आणि ज्याला खड्यामुळे हा आजार झाला, त्यालाही नातेवाईक त्याच नजरेने बघतात. मित्राच्या वडिलांचं हेच झालं. माळकरी माणूस. पित्ताशयात खडे निघाले. तरी भेटायला येणारे आधी विचारायचे, "घ्यायचे का?"

खड्यांमुळे झालं असेल तर पित्ताशय काढावंच लागतं, नाहीतर पुन्हा तेच. फक्त पिशवी असताना त्याची वेळ पुढे ढकलतात. दारूमुळे असेल तर ती पूर्ण बंद, आणि त्यासाठी नुसता दम देऊन उपयोग नसतो, मदत लागते. स्वादुपिंडाचा मोठा भाग गेला असेल तर मधुमेह सुरू होऊ शकतो, जेवण पचवायला एन्झाइमच्या गोळ्या घ्याव्या लागू शकतात.

मित्राच्या वडिलांचं पाचव्या आठवड्यात झालं. आत तुकडे होते म्हणून धातूचा स्टेंट, त्यानंतर सफाईसाठी दोन बैठका. काकांनी शेवटपर्यंत हॉस्पिटल बदलायचा आग्रह सोडला नव्हता, पण रोज डबा तेच आणत होते. आता बाबा घरी आहेत, भात-वरण खातात, वजन १४ किलोने उतरलंय. स्टेंट काढायची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. त्या दिवशी गावची जत्रा आहे, आणि बाबांचं म्हणणं आहे की आठ दिवस पुढे ढकलू. मित्राने मला पुन्हा रात्री साडेअकराला मेसेज केलाय: "तो स्टेंट रुतण्याचा आकडा काय होता? परत पाठव."